मागच्या चाकांचा नाद

शंकेखोर : दोन दारांची, बसकी, मागच्या चाकांना ताकद देणारी आणि तरीही नोकरदाराच्या आवाक्यातली गाडी आपल्याकडे मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून चार दारांची, चौकोनी प्रीमियर ११८ एनई घ्यायची आणि तिच्यात ती न मिळालेली गाडी शोधत बसायचं, हे काही पटत नाही. ५२ अश्वशक्तीची गाडी ती. तू आठवड्याला सातारा-सांगली करतोस, त्या रस्त्यावर आजची कुठलीही साधी हॅचबॅक तुला मागे टाकून जाते, तेही कमी पेट्रोलात आणि एअरबॅग घेऊन. हौसेला मोल नसतं, एवढंच म्हणाला असतास तर मी गप्प बसलो असतो. तू मात्र वर शास्त्र सांगतोस, की ही गाडी सुधारत नेणं हेच शहाणपण. ते शहाणपण मला एकदा नीट समजावून सांग.

नादिष्ट : सांगतो काका, पण आधी तिचं घराणं बघा. १९८५ साली ही गाडी आली तेव्हा तिचा सांगाडा होता इटलीच्या फियाट १२४ चा. त्याच १२४ च्या पायावर फियाटने १९६७ पासून एक स्पोर्ट कूपे बनवली होती, फार श्रीमंत नसलेल्या माणसाला परवडणारी. आता बॉनेट उघडा. आत निसानचं ए-१२ इंजिन, ११७१ सीसी. हेच इंजिन १९७० च्या डॅटसन १२०० कूपेत होतं, आणि तिच्या जुळ्या कार्बोरेटरच्या जीएक्स मॉडेलमध्ये ते ८३ अश्वशक्ती द्यायचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी नातं कूपेशी, आणि कारखान्यातून बाहेर पडली ती सरळमार्गी, चार दारांची. मी तिच्यात बाहेरचं काही कोंबत नाही, जे तिच्यात आहेच ते बाहेर काढतोय.

आणि मागच्या चाकांचं म्हणाल, तर बैलगाडी बघा. बैल पुढून ओढतो आणि वळवायचंही त्यालाच. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तशीच, ओढणं आणि वळणं दोन्ही कामं एकाच जोडीवर. माझ्या गाडीत पुढची चाकं फक्त वळतात आणि मागची ढकलतात. चढाला वजन मागे सरकतं, म्हणजे जिथे ताकद जाते नेमकं तिथेच. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालात आणि डांबर ओलं असलं, की पुढच्या चाकांची गाडी ॲक्सिलरेटर दिल्यावर वळणात बाहेर बाहेर जाते. माझी नाक आत ठेवते. मागचा भाग सुटायला लागला तर ते आधी कंबरेला कळतं, मग डोळ्यांना. ही भाषा ऐकायला वेग लागत नाही, चाळीसलाही ऐकू येते. नवीन घ्यायची म्हटलं तर अशी गाडी आहे कुठे? गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, दोन दारांची, फायबरच्या बॉडीची, पण रेनोच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. डीसी अवंतीची ताकद मागच्या चाकांना होती, पण किंमत तीस लाखांच्या वर. टाटांनी २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो दाखवली, दोन सीट, इंजिन पाठीमागे, १२०० सीसी टर्बो, १९० अश्वशक्ती. ती विक्रीला आलीच नाही. टोयोटाची ८६ कंपनीने आपल्याकडे विकली नाही, आणि परदेशातून आणायची तर आयात शुल्कात दुसरी गाडी येते. मग ज्याला हे हवंय त्याने करायचं काय?

शंकेखोर : बरं झालं ८६ चं नाव तूच काढलंस. तुझ्या सगळ्या म्हणण्याला उत्तर त्याच गाडीत आहे. टोयोटा आणि सुबारूने मिळून ती २०१२ साली आणली. दोन हजार सीसी, दोनशे अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. तिला टायर दिले ते प्रियसला मिळायचे त्या जातीचे, इंधन वाचवणारे, पकडीला बेताचे. ही काटकसर नव्हती. पकड लवकर सुटावी, म्हणजे साध्या वेगातही गाडी हातात जिवंत वाटावी, असा तो हिशोब होता. तू आत्ता कंबरेला कळण्याची जी गोष्ट सांगितलीस ना, ती त्या लोकांनी ठरवून बांधून दिली होती.

आता जगभरच्या हौशी लोकांनी काय केलं ते बघ. बहुतेकांनी सुरुवात टायरपासून केली, रुंद, चिकट टायर. पकड वाढली, तर इंजिन कमी पडायला लागलं. साडेतीन ते साडेचार हजार आरपीएममध्ये त्या इंजिनाचा टॉर्क खचायचा, तिथे सगळ्यांचं बोट. म्हणून एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड बदलला, ईसीयू नव्याने ट्यून केला. तेवढ्याने भागेना, मग टर्बो. टर्बो आला की क्लच पुरत नाही. क्लच बदलला की गिअरबॉक्स कुरकुरतो. मग ऑइल कूलर, मग ब्रेक, मग बुश आणि डॅम्पर. शेवटी जी गाडी उरली ती शंभरच्या खाली झोपलेली. जिला चाळीसला बोलता यायचं तिला आता बोलायला रेस ट्रॅक लागतो. कंपनीने २०२१ मध्ये २४०० सीसीचं इंजिन देऊन टॉर्कचा तो खड्डा स्वतःच भरून काढला. म्हणून लोकांचे पाने-पकड थांबले का? थांबणारच नाहीत, कारण तक्रार टॉर्कची नव्हतीच. गाडी पुरी झाली असं ज्याला कधी म्हणायचंच नाही, त्याला कुठलाही आकडा कमीच पडतो. तू ८३ चा आकडा ज्या चवीने सांगितलास ना, तिथेच मी सावध झालो.

नादिष्ट : आकड्याचा मोह आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही ताकद वाढवणं आणि गाडी चालती ठेवणं ही दोन कामं एका दावणीला बांधताय. ताकद नको म्हणून मी हात मागे घेतला, तरी गाडीत हात घालावाच लागतो. पेट्रोलचंच बघा. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. माझ्या गाडीचा कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या जमान्यातला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त जायला हवं. नव्या गाडीत सेन्सर आहे, कॉम्प्युटर आहे, तो आपोआप जास्त सोडतो. कार्बोरेटरच्या जेटला भोक एकच, पितळेचं, ठरलेल्या मापाचं. तो काय सोडणार? मिश्रण पातळ होतं, चढाला इंजिन तापतं, ॲक्सिलरेटर झटकन दिला तर कार्बोरेटरमधून फट्‌ आवाज येतो.

प्लग काढून बघितला तर सगळं त्यावर लिहिलेलं असतं. टोकाचं पांढरं चिनीमातीचं आवरण तपकिरी झालेलं असेल तर बरोबर. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. माझे चारही प्लग खडूसारखे पांढरे निघाले होते. मिस्त्रीने मेन जेट एक माप मोठा टाकला, खंबाटकी चढवून आणली, पुन्हा प्लग काढले. तीन तपकिरी, चौथा अजून फिकट. मग मॅनिफोल्डच्या त्या टोकाला गॅस्केटमधून हवा खेचली जात होती हे सापडलं. रबरी नळ्याही बदलल्या, कारण जुनं रबर इथेनॉलने आधी फुगतं, मग तडकतं, आणि ती नळी तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावरून जाते. आता सांगा, ह्यातलं मी कंपनीच्या मापाचं काय ठेवलं? जेट नाही, नळी नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, कारण बाजारात मिळणारे पॉइंट पंधरवड्यात झिजतात. 'जशी आहे तशी' ठेवली असती तर ती आज जळून तरी गेली असती, नाहीतर अंगणात कोंबड्या बसायला.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी आठवा. शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. त्यातली एक तरी कारखान्यातून निघाली तशी होती का? सीएनजीच्या टाक्या, दुसरीकडचे रेडिएटर, हाताने ठोकलेले पत्रे. हात घातला म्हणून त्या जगल्या. आणि माझ्या गाडीच्या बाबतीत तर 'मूळ' म्हणायचं कशाला? इटलीच्या सांगाड्यात जपानचं इंजिन हा बदल खुद्द कंपनीनेच केलेला. नावातला एनई म्हणजे निसानचं इंजिन. ज्या कामाला तुम्ही इंजिन स्वॅप म्हणून नाकं मुरडता, ते हिच्या जन्मदाखल्यावर लिहिलेलं आहे.

(लेखक म्हणून इथे तोंड घालायचा मोह आवरत नाही. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातले साखर कारखाने ज्या उसाच्या जोरावर इथेनॉल काढतात, तो ऊस पिकवणाऱ्यांच्याच गोठ्याशेजारी झाकून ठेवलेल्या जुन्या फियाट आणि एम-८० च्या नळ्या त्या इथेनॉलने तडकतायत. ह्यावर गावोगावच्या मिस्त्रींनी आपापले तोडगे काढले आहेत, आणि ते कुठल्याच कागदावर नाहीत. इथपर्यंत माझा कल नादिष्टाकडे होता. पुढचं ऐकल्यावर तो तसाच राहिला, असं म्हणवत नाही.)

शंकेखोर : नळी आणि जेटबद्दल माझं भांडण नाही. ती दुरुस्ती, आणि दुरुस्तीला कोणी अडवत नाही. माझा आक्षेप 'कंपनीनेही केलं, मग मी का नको' ह्या उडीवर आहे. कारखान्यात एका सांगाड्यात दुसरं इंजिन बसतं तेव्हा पुढच्या चाकांवर वजन किती आलं ते मोजलं जातं, माउंटिंग मोडेपर्यंत हलवून बघितलं जातं, आणि शेवटी एका कागदावर कोणाची तरी सही होते. उद्या काही मोडलं तर कोणाच्या दारात उभं राहायचं, हे ठरलेलं असतं. तुझ्या गल्लीत बदल तोच होतो, सही होत नाही.

उदाहरण देतो. ओळखीतल्या एकाने पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवले. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी, तिला डिस्क म्हणजे सुधारणाच की नाही? पण मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते, पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब धरून ठेवणारी. ड्रमला ते सोयीचं, कारण शूज जागेवर तयार राहतात. डिस्कला तोच दाब म्हणजे पॅड सतत घासत राहणं. सपाटीवर कळत नाही, फक्त ॲव्हरेज जरा पडतं. घाट उतरायला लागलास की पॅड तापतात, डिस्क तापते, मग ब्रेक ऑइल उकळतं, आणि पायाखालचं पेडल गुळगुळीत खाली जातं. त्याचं नशीब म्हणून पुढे चढ होता. गाडी आधीपेक्षा चांगली करायला निघाला होता तो, आणि हात गल्लीतल्या उत्तमातल्या उत्तम मिस्त्रीचा होता. पण ती झडप कोणी विचारात घेतली नाही, कारण विचारात घेणं हे कोणाच्याच कामात नव्हतं.

म्हणून कायदा आहे तसा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील ह्यांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला ते ठाम केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ बदललं, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कडक आहे, पण रस्त्यावर तू एकटा नसतोस. नोव्हेंबर ते मार्च कराड ते पेठ नाक्यापर्यंत रात्री जाऊन बघ. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाची मोळी दोन्ही बाजूंनी रुंदीबाहेर, मागे दिवा नाही. तिथे तुझं वाढीव बळ आणि न तपासलेला ब्रेक घेऊन तू आलास, तर पैज फक्त तुझ्या जिवावर लागलेली नसते.

नादिष्ट : आता तुम्ही कायद्यावर आलात, तर त्या कायद्याचं दुसरं तोंडही बघा. त्याच कलम ५२ मध्ये इंधन बदलायची सोय आहे. मंजूर किट बसवून मी उद्या ए-१२ इंजिन उपटून फेकलं, बॅटरी आणि मोटर घातली, बॅटरीचं वजन मागे नेलं, तर ते नियमात बसू शकतं. पण त्याच जागी जिप्सीचं १३०० सीसी इंजिन बसवायचं म्हटलं, जे लांबीच्या दिशेने बसतं म्हणून ह्या गाडीला सोयीचं, तर मी गुन्हेगार. मोटरचं बळ जास्त असलं तरी. म्हणजे कायद्याला बदलाची भीती नाही. कोणीतरी मंजूर केलेल्या बदलाचं वावडं नाही आणि माझ्यासारख्या एकट्याने केलेल्याचं आहे.

मग एकट्याला मंजुरी मिळायची वाट ठेवा ना. जर्मनीत चाकं, स्प्रिंग, एक्झॉस्ट बदलला की गाडी ट्यूफ ह्या तपासणी संस्थेच्या माणसाकडे न्यायची. तो बघतो, मोजतो आणि कागदात नोंदवतो, किंवा नाही म्हणतो. जपानमध्ये रचना बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी होऊन नव्या मापासकट नोंद होते. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीलाही एकेकटीला परीक्षा देता येते. मी परीक्षेला बसायला तयार आहे काका, इथे परीक्षाच नाही.

आणि हात म्हणाल तर हात ह्या मुलखात कधी कमी नव्हते. किर्लोस्करवाडी १९१० ची. साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ चा. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया जुळायची. सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी कॉलेजला वालचंदांचं नाव आहे, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, माझी गाडी जिथून आली ती. आज कुपवाड, मिरज, सातारा, शिरोली इथल्या एमआयडीसींमधून परदेशी गाड्यांचे सुटे भाग जातात, मायक्रॉनच्या मापात. तोच कामगार घरी येऊन स्वतःच्या गाडीत हात घालतो तेव्हा तो अचानक अडाणी होतो का?

देवराष्ट्र्याचं आठवतंय ना? यशवंतराव चव्हाणांचं ते गाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, स्कूटरसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती बघितली, नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली, जीप कंपनीकडे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण जरा विचार करा, ज्याने गाडी बनवली त्याच्या हातात शेवटी दुसऱ्याने बनवलेली गाडी आली. त्याची जीप बघायला ठेवण्याइतकी चांगली ठरली. गावच्या रस्त्यावर चालण्याइतकी ठरली की नाही, हे तपासून बघायची वाटच नव्हती.

शंकेखोर : देवराष्ट्र्याची गोष्ट तू बरोबर पकडलीस, पण तीच गोष्ट माझ्याही बाजूने बोलते. ती जीप तासाला तीसने शेतात जाणारी असती तर मीही म्हणालो असतो, चालू दे. पुणे-बंगळूर हायवेला आली असती तर? आणि त्या कामगाराबद्दल म्हणशील, तर तो अडाणी होत नाही, एकटा होतो. कारखान्यात त्याचा भाग मायक्रॉनमध्ये येतो कारण पुढच्या टेबलावर कोणीतरी तो मोजतो, आणि चुकला तर गिऱ्हाईक अख्खी खेप परत पाठवतं. त्या परत येण्याच्या भीतीने माप सुधारतं. कसब हातात असतं, पण अचूकपणा त्या येण्या-जाण्यातून येतो. तुझ्या गाडीत बदल करणारा तू, वापरणारा तू आणि पास करणारा पण तूच. खेप परत कोण पाठवणार?

आणखी एक. तुझी गाडी आज दोन कायद्यांच्या मधे उभी आहे, ह्याचा हिशोब केलायस का? २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेजचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज, तिची वेगळी नोंद, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अट अशी, की ती मूळ रूपात राहिलेली हवी, चॅसी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा फेरफार नको. पहिल्या वर्षीच नोंदलेली ११८ एनई असेल तर तिची पन्नाशी २०३५ ला भरते. तोपर्यंत ती पंधरा वर्षांपुढची जुनी गाडी, पुनर्नोंदणीचं शुल्क २०२२ साली एका झटक्यात ६०० वरून ५,००० झालं, वर पर्यावरण कर. जी ही सगळी वर्षं अंगणात निजली ती २०३५ ला वारसा ठरणार, आणि जी चालत राहिली, बदलत राहिली, ती नियमबाह्य. जिप्सीचं इंजिन बसवलंस की तो दरवाजा तुझ्यासाठी कायमचा बंद. मागे फिरणार कसा?

नादिष्ट : हे तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात, फक्त सूर वेगळा लावलात. न चालवलेली गाडी वारसा आणि चालवलेली गुन्हा, हे तुम्हाला तरी बरं वाटतं का?

शंकेखोर : बरं वाटण्याचा प्रश्न नाही. तुला त्या नियमात राहायचंय.

नादिष्ट : म्हणूनच मी जिप्सीच्या इंजिनावरून मागे आलो. आता माझी रीत अशी, की जो बदल परत फिरवता येत नाही तो करायचा नाही. पत्र्याला कटर लावायचा नाही, सांगाड्यावर वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही. जुळे कार्बोरेटर बसतात ते मूळच्या बोल्टवर. काढलेली प्रत्येक वस्तू तेल लावून पेटीत. आणि वही. कुठला भाग, कधी, कोणी बसवला, आधीचं माप काय, नंतरचं काय, किती किलोमीटरनंतर काय दिसलं. पांढऱ्या प्लगचं पानही आहे तिच्यात, ती गॅस्केट आधी सापडली नव्हती तेही लिहिलंय. आरसी बुकात काय आहे? ११७१ सीसी, पेट्रोल, रंग पांढरा. माझी गाडी आज कशी आहे हे त्या बुकापेक्षा माझ्या वहीला जास्त माहीत आहे. दोन्हींतला खरा दस्तऐवज कुठला, सांगा.

शंकेखोर : खरी वही. चालते ती मात्र आरसी. अपघात झाला तर न्यायाधिकरणापुढे आणि विमा कंपनीपुढे आरसी उघडली जाईल. वही उघडली गेलीच तर ती तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून, हा बघा, ह्याने स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल केलंय. प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून जास्त अडकशील. काही न लिहिणारा सुटेल.

नादिष्ट : मग न लिहिणाऱ्याला बक्षीस देणारी ही व्यवस्था रस्ता सुरक्षित करते, असं म्हणायचंय तुम्हाला?

शंकेखोर : नाही. तिथे मी अडतो. पण तुझ्या वहीवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही, तो वेगळ्या कारणाने. तू परत फिरवता येण्यावर सगळा भार टाकलास. बोल्ट परत फिरवता येतो, सवय नाही. जुळ्या कार्बोरेटरवर दोन वर्षं चालवलेला ड्रायव्हर उतारावर ज्या वेगाने वळणात शिरतो, तो वेग पेटीत तेल लावून ठेवता येत नाही. आणि गाडी तुझ्याकडून पुढे जाईल तेव्हा?

नादिष्ट : विकणार नाही.

शंकेखोर : तू नाही विकलीस तरी तुझ्यानंतर कोणीतरी विकेलच. घेणारा पोरगा वही वाचणार नाही, आवाज ऐकणार. त्याला कोण सांगणार की इंजिनाचं बळ वाढलंय आणि मागचे ब्रेक ५२ अश्वशक्तीच्या हिशोबाचेच आहेत?

नादिष्ट : त्यासाठीच म्हणतो, वहीवर शिक्का पडू द्या. मग ती गाडीबरोबर जाईल, घेणाऱ्याला दाखवणं बंधनकारक होईल. आरटीओत महिन्यातून एक दिवस ठेवा. साताऱ्याला एमएच-११ च्या, सांगलीला एमएच-१० च्या गाड्या. जो नापास होईल त्याने बदल काढून टाकावा.

शंकेखोर : शिक्का मारणाऱ्याला आधी वाचता यायला हवं. जेटचं माप, कॅमचं माप, मास्टर सिलिंडरातली ती झडप. वर्षभर वाहन परवान्यांच्या रांगा आवरणारा निरीक्षक हे कधी शिकणार? उद्या हा दिवस ठेवला तर पहिल्या महिन्यात नादिष्ट येतील, दुसऱ्या महिन्यात एजंट. ज्यांना खरोखर कळतं ते मिस्त्री तुमचेच, बदल करणारेही तेच आणि तपासणारेही तेच होणार. परत आपण तिथेच आलो.

नादिष्ट : कॉलेजं आहेत ना. ऑटोमोबाइल, मेकॅनिकलची पोरं दरवर्षी स्पर्धेसाठी शून्यातून गाड्या बांधतात, ब्रेकची गणितं कागदावर मांडून परीक्षकांपुढे उभी राहतात. त्यांना बसवा तपासायला. आणि तुम्ही? आयुष्यभर इंजिनांत गेलेला माणूस, झडपेपर्यंत सगळं माहीत असलेला. तुम्ही माझी गाडी बघा. वहीच्या शेवटच्या पानावर सही करा. कायद्यात तिला काही किंमत नसू दे.

शंकेखोर : सही नाही करणार.

नादिष्ट : का? चूक दिसली तर लिहा.

शंकेखोर : सही केली की उद्या तुझ्या गाडीपुढे जो येईल त्याला मी बांधील. तुला हे कळावं म्हणूनच तर तासभर बोलतोय. पण बघायला आण. शनिवारी दुपारी, इंजिन थंड असताना. मास्टर सिलिंडर बदलला असशील तर पेटीतला जुनाही घेऊन ये, दोन्ही उघडून शेजारी ठेवू. घाट उतरवून मग पुढच्या चाकांना हात लावून बघू, कुठलं जास्त तापलंय.

नादिष्ट : आणि ठीक निघालं तर?

शंकेखोर : तर मागचे ड्रम उघडू.